एअर रायफलचा झिरो किती मीटरवर ठेवावा?

एअर रायफलवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवला की पहिला प्रश्न ठरलेला: झिरो किती मीटरवर करायचा? म्हणजे स्कोपमधली फुली जिथे धरली तिथेच छर्रा लागेल, हे किती अंतरावर जुळवायचं? आमच्या बेळगाव भागात याची दोन उत्तरं हमखास कानावर पडतात. एक, "दहावर करून टाक, स्पर्धेत पण दहाच असतंय." दुसरं, "पन्नासवर कर, म्हणजे लांबचं पण लागतंय." सांगणारी माणसं मनापासून सांगत असतात. पण तू नेम कशावर धरणार, किती लांबून धरणार आणि किती चुकलं तर तुला चालेल, हे कुणी विचारत नाही. झिरोचं अंतर ठरतं ते या तीन गोष्टींवर.

स्पर्धेचा मुद्दा आधी निकालात काढू. शेजारच्या कोल्हापूरनं या खेळात मोठी नावं दिली आहेत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन (झोपून मारायच्या) प्रकारात विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. त्यामुळे आमच्याकडची पोरंही रायफल हातात घेऊ लागली आहेत आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक छिद्राचा साइट असतो आणि अंतर नियमानं बांधलेलं असतं. १० मीटर एअर रायफलचा खेळाडू आयुष्यभर १० मीटरवरच मारतो, मग त्याचा झिरो दुसरीकडे कुठे असणार? मळ्यात पुठ्ठा लावून, कधी १२ मीटरवरून, कधी २८ मीटरवरून सराव करणाऱ्याला ते लागू पडत नाही. त्याला अंतर निवडावं लागतं, आणि निवडायचं तर छर्रा जातो कसा ते कळायला हवं.

नळीतून सुटल्या क्षणापासून छर्रा खाली पडू लागतो. जोरात गेला म्हणून तो पडायचा थांबत नाही. हातातून सुटलेला दगड ज्या ओढीनं खाली येतो तीच ओढ छऱ्यालाही असते, त्यात हवा त्याचा वेग खात असते. आता स्कोप बघा. तो नळीच्या वर बसलेला असतो. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंत साधारण साडेचार सेंटिमीटर उंची भरते. म्हणजे तुमची नजर वरून सरळ रेषेत जाते आणि छर्रा खालून निघतो. नळी आणि स्कोप अगदी समांतर ठेवले तर छर्रा नजरेच्या रेषेला कधीच शिवणार नाही, कारण निघतानाच तो साडेचार सेंटिमीटर खाली असतो आणि पुढे आणखी खाली जातो.

म्हणून झिरो करताना आपण काय करतो? टरेट, म्हणजे नेम सरकवायची स्कोपवरची गोल चकती, फिरवून स्कोपची नजर अशी बसवतो की नेम धरला की नळी किंचित वर रोखलेली असेल. हा कोन फार लहान असतो. ३० मीटरच्या झिरोसाठी तो एका अंशाचा तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो. पण तेवढ्यानं छर्रा खालून वर येत नजरेची रेषा कापतो, थोडा वेळ तिच्या वरून चालतो आणि मग पडत पडत ती रेषा पुन्हा कापून खाली जातो. थोडक्यात, एकाच सेटिंगला दोन झिरो असतात. एक जवळचा, एक लांबचा. "छर्रा आधी वर उडतो" असं लोक म्हणतात ते यामुळे. तो नळीच्या रोखाच्या वर कधीच जात नाही. नळीच वर रोखलेली असते.

पुढचं सगळं या दोन झिरोंवर अवलंबून आहे, म्हणून आकडे घेऊनच बोलू. आमच्याकडे जास्त दिसणारी रायफल म्हणजे नळी मोडून भरायची स्प्रिंगची, ४.५ मिमीची. तिचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा आणि सुटतानाचा वेग सेकंदाला २०० मीटर धरू. छर्रा साधा गोल डोक्याचा, स्कोपची उंची साडेचार सेंटिमीटर. हिशेब केला तर हा छर्रा १० मीटरवर नळीच्या रोखापासून सव्वा सेंटिमीटरभर पडलेला असतो, २० मीटरवर सव्वापाच, ३० मीटरवर साडेबारा आणि ५० मीटरवर जवळजवळ ३९ सेंटिमीटर. पहिल्या १० मीटरात सव्वा आणि ३० ते ५० या वीस मीटरात सव्वीस! पडण्याचा वेग कसा वाढत जातो ते एवढ्यावरून दिसतं, आणि लांबच्या झिरोचा मोह का टाळायचा तेही.

आता हीच रायफल पन्नासवर झिरो केली असं समजा. ५० मीटरवर छर्रा फुलीवर बसेल खरा. पण वाटेत २५ ते ३० मीटरच्या टप्प्यात तो नजरेच्या रेषेच्या साडेआठ-नऊ सेंटिमीटर वरून जाईल. म्हणजे २५ मीटरवर ठेवलेल्या डब्याच्या मध्यावर नेम धरला तर छर्रा डब्याच्या वरून निघून जायचा. ५० मीटरवर सराव किती जण करतात? आणि तिथे या ताकदीच्या रायफलचे छर्रे एका जागी कितपत पडतात? वर्षातून कधीतरी लागणाऱ्या अंतरासाठी रोजच्या अंतरावरचा नेम बिघडवून घ्यायचा, हा सौदा मला पटत नाही.

३० मीटरवर झिरो केला तर चित्र सुधारतं. जवळचा झिरो बरोबर १० मीटरच्या आसपास येतो. १५ मीटरवर छर्रा एक सेंटिमीटरभर वर, २० मीटरवर दीड सेंटिमीटर वर, २५ वर सव्वा, ३० वर फुलीत. ३५ मीटरवर मात्र दोन सेंटिमीटर खाली आणि ४० वर पाच.

२५ मीटरवर केला तर जवळचा झिरो साधारण १२ मीटरवर येतो, आणि मधल्या टप्प्यात छर्रा फार तर ६ मिलिमीटर वर जातो. १० मीटरपासून २७ मीटरपर्यंत कुठेही फुलीवर नेम धरा, छर्रा सहा मिलिमीटर वर-खाली एवढ्यातच राहतो. सतरा मीटरचा हा पट्टा म्हणजे स्कोपला हात न लावता, वरखाली नेम न धरता मारायचा पट्टा. ३० मीटरवर दीड सेंटिमीटर खाली लागतो, तेवढं लक्षात ठेवायला सोपं आहे.

आणि २०? तिथे मजेशीर गोष्ट होते. जवळचा आणि लांबचा झिरो एकमेकांच्या इतके जवळ येतात की छर्रा नजरेच्या रेषेला खालून नुसता चाटून जातो. १५ ते २० मीटर जवळजवळ एकाच बिंदूवर लागतो, पण २५ वर पाऊण सेंटिमीटर आणि ३० वर जवळजवळ अडीच सेंटिमीटर खाली. घरामागच्या छोट्या जागेत मारणाऱ्याला हे चांगलं. मोकळ्या रानात मारणाऱ्याला अपुरं.

तेव्हा निवड करायची ती अशी. आधी ठरवा की चूक किती चालेल. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुठ्ठ्यावर त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून गोल काढला आणि त्यात छर्रा बसला की आपण समाधानी, असं ठरवलं तर मध्यापासून साडेतेरा मिलिमीटरची मुभा मिळते. आपल्या उदाहरणातल्या रायफलला २८ मीटरवर झिरो केला तर सात मीटरपासून एकतीस मीटरपर्यंत छऱ्याची वाट त्या गोलातच राहते. कागदावर हे फार छान दिसतं. पण यात एक गोष्ट धरलेली नाही. छर्रे एकाच भोकातून जात नाहीत. रायफल पक्की टेकवून, एकाच बिंदूवर नेम धरून पाच छर्रे मारले तरी ते थोडे पसरतात. २५ मीटरवर तुमचा पाच छऱ्यांचा ग्रुप दोन सेंटिमीटरचा पडत असेल तर मध्यापासून एक सेंटिमीटर त्यातच गेला. साडेतेरातले दहा मिलिमीटर गेले, उरले साडेतीन. मग अठ्ठावीसचा हिशेब कुठला चालणार? मुभेतून आधी स्वतःच्या ग्रुपचा निम्मा आकार वजा करायचा आणि उरलेल्यात छऱ्याची वाट बसवायची. म्हणूनच बहुतेक जणांना मी २५ सुचवतो. चांगला मारणाऱ्याला त्यातून सतरा मीटरचा पट्टा मिळतो आणि नवख्याला ग्रुप पसरला तरी वावगं जात नाही.

दुसरं ठरवायचं ते अंतर. इथे आपल्याकडे एक आयतं माप आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, आणि ३३ फूट म्हणजे बरोबर १० मीटरला पाच-सहा सेंटिमीटर जास्त. कडोलीला माझ्या भाच्यानं मला विचारलं होतं, "मामा, झिरो पन्नासवर बांधू काय?" मी म्हटलं, "तुझ्या मळ्यात विहिरीपासून मागच्या बांधापर्यंत किती गुंठे बसतात?" तो म्हणाला, "लांबीला तीन बसतात की. पण शेवटच्या अर्ध्यात शेणाचा उकिरडा आहे." म्हणजे अडीच गुंठे, २५ मीटर. पन्नास मीटर त्याच्या रानात नव्हतेच. एवढं मोजल्यावर वाद उरला नाही. तुम्हीही शेतकरी डोळ्यानं बघा. जिथून मारता ती जागा, जिथे पुठ्ठा लावता त्या जागा, आणि त्यांच्यातलं सगळ्यात जास्त वापरातलं अंतर. टेप लावून मोजलं तर उत्तमच. पावलांवर भरवसा ठेवू नका, चढावर पाऊल आखूड पडतं.

अंतराचा विषय निघालाय तर एक गोंधळ इथेच सोडवू. स्कोपच्या कड्यांवर आणि परदेशी तक्त्यांवर आकडे बहुधा यार्डात असतात. ३० यार्ड म्हणजे साडेसत्तावीस मीटर. कुणी "थर्टीवर झिरो कर" म्हटलं तर कसलं थर्टी ते विचारा. अडीच मीटरचा फरक २५-३० च्या टप्प्यात सेंटिमीटरभराचा ठरू शकतो.

आता तो दहा मीटरचा सल्ला. वर पाहिलं की ३० मीटरच्या झिरोचा जवळचा झिरो १० मीटरवर येतो. मग दहावरच झिरो केला की तीसचा आपोआप होतो, जागाही कमी लागते, असं वाटतं. हिशेबात ते खरंही आहे. पण १० मीटरवर तुम्ही तीन मिलिमीटर चुकलात, ग्रुपचा मध्य नीट कळला नाही, एवढी चूक कुणाचीही होते, तर ३० मीटरवर ती तिप्पट होऊन नऊ मिलिमीटर भरते. आडव्या दिशेतही तसंच. शिवाय जवळचा झिरो स्कोपच्या उंचीवर फार अवलंबून असतो. स्कोपला धरणारी रिंग उंच लावून मोठ्या भिंगाचा स्कोप बसवला, साडेचारऐवजी साडेपाच सेंटिमीटर उंची झाली, की दहावर केलेल्या झिरोचा लांबचा झिरो भलतीकडे सरकतो. दहा मीटरचा उपयोग आहे, पण तो सुरुवातीला छर्रा कागदावर आणण्यापुरता. शेवटचा झिरो तुम्ही निवडलेल्या लांबच्या अंतरावरच पक्का करायचा.

रायफल वेगळी असेल तर आकडेही बदलतात. हवा भरून चालणारी पीसीपी असेल आणि छर्रा २४० मीटर वेगानं सुटत असेल तर झिरो ३० मीटरवर ठेवा. मग १२ ते ३२ मीटरचा पट्टा सहा-सात मिलिमीटरमध्ये बसतो. जुनी, थकलेल्या स्प्रिंगची रायफल १६० मीटर वेगानं मारत असेल तर २० मीटरच्या पुढे जाऊ नका. ८ ते २२ मीटर हा तिचा पट्टा.

वेग मोजायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. त्याशिवायही अंदाज येतो, आणि ही पद्धत मला फार आवडते, कारण त्यात रायफल स्वतःच उत्तर देते. २५ मीटरवर झिरो पक्का करा. मग टरेटला हात न लावता पुठ्ठा ३५ मीटरवर न्या, फुली त्याच ठिपक्यावर धरा आणि पाच छर्रे मारा. ग्रुपचा मध्य ठिपक्याच्या दोन सेंटिमीटर खाली पडला तर वेग २४० च्या घरात. चार सेंटिमीटरच्या जवळ खाली पडला तर २००. सात सेंटिमीटर खाली गेला तर १६०. मग वरच्यापैकी आपल्या रायफलचं अंतर निवडा.

झिरो करायला बसण्याआधी मात्र काही गोष्टी पक्क्या लागतात, नाहीतर दिवसभर छर्रे जाळूनही ग्रुप हलत राहतो. स्प्रिंगच्या रायफलचा धक्का विचित्र असतो. आतला पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते आणि तो पुढे जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. या दुहेरी धक्क्यानं साधे स्कोप आतून खिळखिळे होतात, म्हणून एअर रायफलसाठी बनवलेलाच स्कोप घ्या. स्कोप रायफलला धरून ठेवणारं माउंटही याच धक्क्यानं मागे सरकतं. त्याला अडवणारी छोटी खुंटी असते, ती रायफलवरच्या खाचेत नीट बसली आहे का ते पाहा. स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूचा, असं करू नका. थोडे थोडे आळीपाळीनं आवळा.

मग फुली सरळ करा. गवंड्याचा ओळंबा २५ मीटरवर झाडाच्या फांदीला किंवा वाशाला लटकवा, रायफल पोत्यावर सरळ टेकवा आणि स्कोप रिंगमध्ये फिरवून उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर आणा. फुली तिरकी राहिली तर एका अंतरावर झिरो बरोबर येतो, पण अंतर बदललं की छर्रा डावीउजवीकडे पळू लागतो, आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

पॅरॅलॅक्सचंही तसंच. शिकारी बंदुकांसाठीचे पुष्कळ स्कोप १०० यार्डांवर बसवलेले असतात. ते २५ मीटरवर वापरले तर डोळा थोडा हलला की फुली ठिपक्यावरून सरकते. एअर रायफलचे स्कोप एकतर ३०-३५ यार्डांवर बसवलेले असतात नाहीतर पुढच्या भिंगाची कडी फिरवून अंतर जुळवता येतं. तपासायला सोपं आहे. रायफल पोत्यावर स्थिर ठेवा, हात लावू नका आणि स्कोपमधून बघत डोकं हळूच वरखाली करा. फुली ठिपक्यावरच राहिली तर ठीक. हलली तर कडी फिरवा. कडी नसेल तर दर वेळी गाल एकाच जागी टेकवायची सवय लावा.

धरण्याची पद्धतही झिरोचाच भाग आहे. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळली की छर्रा एकीकडे लागतो, सैल धरली की दुसरीकडे. तिला हलक्या हातानं, डाव्या तळव्यावर नुसतं विसावू द्यायचं आणि धक्का तिला घेऊ द्यायचा. मुख्य म्हणजे झिरो करताना जसं धरलं तसंच नंतरही धरायचं. कडक पोत्यावर नळी टेकवून केलेला झिरो हातात घेतल्यावर टिकत नाही. आणि छर्रा एकाच बनावटीचा, एकाच वजनाचा. डबा बदलला की झिरो पुन्हा तपासायचा.

आता मारायला बसा. १० मीटरवर मोठा पुठ्ठा लावून दोन-तीन छर्रे मारा, कागदावर आणा. मग २५ वर जा. एक छर्रा बघून टरेट फिरवू नका. पाच मारा, पुठ्ठ्यापाशी जा, भोकांचा मध्य काढा. सपाट डोक्याचा छर्रा पुठ्ठ्यात पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक करतो, गोल डोक्याचा कडा फाडतो. त्यामुळे झिरो करताना भोकामागे पातळ कार्डशीट लावली तर मध्य नीट दिसतो. बहुतेक स्कोपचा एक क्लिक, म्हणजे टरेटचा एक टप्पा, पाव एमओएचा असतो. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो सुमारे ७ मिलिमीटर हलवतो, २५ मीटरवर पावणेदोन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त, १० मीटरवर जेमतेम पाऊण. ग्रुप २५ मीटरवर चार सेंटिमीटर खाली असेल तर २२ क्लिक वर. टरेटवरचा बाण छर्रा कुठे जायला हवा ते दाखवतो. एकदा क्लिक दिले की पुढचे दोन-तीन छर्रे मोजू नका, स्कोपच्या आतले भाग जागेवर बसायला तेवढे लागतात.

वेळ निवडताना आमच्या भागाचा वारा लक्षात घ्या. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी पावसाळ्यात उभं राहिलेल्या कुणालाही पश्चिमेचा वारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सेकंदाला नुसत्या दोन मीटरचा आडवा वारा, ज्यात ऊसाची पानं जरा सळसळतात तेवढाच, आपल्या छर्ऱ्याला १० मीटरवर तीन-चार मिलिमीटर सरकवतो. २० मीटरवर तो १४ मिलिमीटर होतो, ३० मीटरवर तीन सेंटिमीटरच्या वर. म्हणजे ज्या सहा मिलिमीटरसाठी आपण एवढा हिशेब केला तो एका झुळकीत वाहून जातो. भाताची कापणी झाली की दिवाळीनंतरच्या सकाळी, ऊन तापायच्या आधी, हवा बऱ्याचदा स्तब्ध असते. आडव्या दिशेचा झिरो तेव्हाच करा. वारा सुटल्यावर टरेट फिरवून तो दुरुस्त करायला जाऊ नका, कारण वारा पडला की झिरो दुसऱ्या बाजूला चुकलेला सापडेल.

उंचीबद्दलही लोक विचारतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, तिथून चोर्ला घाटानं गोव्यात उतरलं तर झिरो बदलतो का? खाली हवा थोडी दाट, त्यामुळे छर्रा जरा लवकर मंदावतो. पण ३० मीटरवर त्याचा फरक मिलिमीटरभराचा. त्यासाठी टरेटला हात लावायची गरज नाही. गार सकाळी घट्ट झालेल्या वंगणानं स्प्रिंगच्या वेगात पडणारा फरक याहून जास्त असू शकतो.

सुरक्षेचं बोलणं लोक शेवटी उरकतात. मला ते झिरोच्या अंतराइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण अंतर निवडलं की छर्रा कुठे थांबणार हेही निवडावं लागतं. भारतात ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आपल्या उदाहरणातली २०० मीटर वेगाची रायफल दहा-साडेदहा जूलची. पण परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. चुकलेला छर्रा दोनशे मीटरहून लांब सहज जातो आणि जवळून माणसाचा डोळा फोडतो. ऊसाचा फड म्हणजे आडोसा नव्हे. पलीकडे तोडणीची टोळी असते, पोरं असतात, आणि फडातून ती दिसत नाहीत. खानापूरकडे चिऱ्याच्या भिंती आणि जांभ्याचे कातळ सगळीकडे. त्यांच्यावर आदळलेला छर्रा कुठे उसळेल याचा नेम नाही. पुठ्ठ्यामागे दगड नसलेल्या मातीचा उंच बांध हवा, निपाणी-चिकोडीकडची काळी माती यासाठी झकास, नाहीतर वाळूची पोती. डोळ्यांवर चष्मा. आणि नेम फक्त पुठ्ठ्यावर, डब्यावर, खापरीवर. माकडं आणि मोर पिकाची नासाडी करतात, त्यातलं दुखणं मला कळतं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांच्यावर छर्रा मारणं गुन्हा आहे, आणि या ताकदीच्या छऱ्यानं जनावर मरतही नाही, जखम घेऊन कुठेतरी सडत राहतं.

झिरो पक्का झाला की अर्ध्या तासाचं एक काम उरतं, ते टाळू नका. त्याच सेटिंगला १०, १५, २०, ३० आणि ३५ मीटरवर एकेक ग्रुप मारा, दर वेळी फुली ठिपक्यावरच. प्रत्येक ग्रुपचा मध्य किती वर किंवा खाली ते मिलिमीटरमध्ये मोजा आणि पोस्टकार्डाच्या तुकड्यावर लिहून दस्त्याला चिकटवा. हे आकडे माझ्या वरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत. तुमची रायफल, तुमचा छर्रा, तुमच्या रिंगची उंची वेगळी असणार. जुळले नाहीत तर कार्डावरचे खरे धरा. स्प्रिंग बदलली, स्कोप काढून पुन्हा बसवला, छऱ्याचा डबा बदलला किंवा रायफल जोरात आपटली तर आधी २५ मीटरवर पाच छर्रे मारून बघा. मध्य सरकला असेल तर टरेटला हात लावण्याआधी माउंटचे स्क्रू तपासा.